प्रयोग फसतो तो सूचनापत्रिकेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठीच्या स्वयंपाक आणि विज्ञानाच्या तयार संचांची सध्या चलती आहे. सुट्टी लागली की बालपुरवण्यांतूनही ‘घरच्या घरी करा’ म्हणून तेच प्रयोग छापून येतात. यातले बरेचसे प्रयोग मुळात चांगले आहेत. तरी पहिल्या फटक्यात ते हमखास फसतात, मूल हिरमुसते आणि अर्धा वापरलेला डबा माळ्यावर जातो. यात मुलाच्या हाताचा दोष फार क्वचित असतो. ‘एक चमचा घाला’, ‘कोमट पाणी घ्या’, ‘थोडा वेळ थांबा’ या मोघम सूचनांनी अर्धे काम आधीच बिघडवलेले असते.

चमच्याचेच घ्या. चहाचा प्रमाण चमचा ५ मिलिलिटरचा. सपाट भरला तर त्यात खाण्याचा सोडा साधारण ५ ग्रॅम बसतो. शीग लावली की वजन दुपटीकडे जाते. संचातला प्लास्टिकचा चमचा कधी १ मिलिलिटरचा असतो, कधी अडीचचा, आणि त्यावर आकडा छापलेला नसतो. सोडा-व्हिनेगरच्या ‘ज्वालामुखी’ प्रयोगात याने फारसे बिघडत नाही. पण हिशेब हाताशी असला तर हाच पोरकट वाटणारा प्रयोग मोजमापाचा होतो. ५ ग्रॅम सोड्याला ५ टक्क्यांचे व्हिनेगर साधारण ७० मिलिलिटर लागते. त्यापुढे व्हिनेगर कितीही ओता, फेस वाढत नाही. बाटलीच्या तोंडाला फुगा लावला तर सव्वा लिटरच्या आसपास वायू मिळतो, आणि तो कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे फुगा वर न जाता खाली पडतो. ‘फुगा उडतो का पाहा’ असे छापणाऱ्यांनी हे एकदा करून बघावे. बाटलीला बूच किंवा झाकण लावायचे नाही, हे मात्र ठळक अक्षरांत हवे. दाबाने झाकण डोळ्याच्या दिशेने सुटते किंवा बाटलीच फुटते.

या प्रयोगातली खरी बोंब डब्यांच्या अदलाबदलीत असते. बेकिंग सोडा (म्हणजे खाण्याचा सोडा) आणि बेकिंग पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असते, म्हणून ती साध्या पाण्यातही फसफसते आणि व्हिनेगरमध्ये वजनाच्या मानाने कमी वायू देते. कोणता डबा हातात आहे हे ओळखायला चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकावी. लगेच बुडबुडे आले तर ती बेकिंग पावडर. संचातल्या सायट्रिक आम्ल आणि सोड्याच्या एकत्र पुड्या दमट हवेत आपसातच रासायनिक क्रिया उरकून बसतात. अशी पुडी फुगलेली किंवा आत गोळे झालेले दिसले तर प्रयोग सुरू होण्याआधीच संपलेला आहे, असे समजावे.

स्फटिक वाढवण्याच्या संचांबद्दल सर्वांत जास्त तक्रारी असतात आणि सर्वांत कमी खुलासा असतो. पत्रिकेत लिहिलेले असते, ‘पावडर गरम पाण्यात विरघळवा, दोरा सोडा, दोन दिवसांनी पाहा.’ दोन दिवसांनी भांड्याच्या तळाशी पांढरी खरड आणि दोऱ्याला लागलेली साखरेसारखी कणी दिसते. कारण साधे आहे. तुरटी २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम विरघळते, ५० अंशांना ३६ ग्रॅमच्या पुढे. गरम पाण्यात ३५ ग्रॅम ढकलली की निवताना वीस ग्रॅमच्या वर एकदम बाहेर पडते, आणि ती एका खड्यावर न बसता जागा मिळेल तिथे बसते.

त्यापेक्षा असे करावे. २०० मिलिलिटर पाणी साधारण ६० अंशांपर्यंत तापवावे (हे काम मोठ्यांचे), त्यात तोलून ४० ग्रॅम तुरटीची पूड पूर्ण विरघळवावी आणि द्रावण कॉफीच्या गाळणकागदातून गाळून घ्यावे. धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एका नको असलेल्या स्फटिकाची सुरुवात, म्हणून गाळण्याचा कंटाळा करू नये. उथळ काचेच्या भांड्यात ओतून, वर कागद झाकून रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी ३-४ मिलिमीटरचे काही खडे मिळतील. त्यातला कडा स्वच्छ असलेला आणि दुसऱ्याला न चिकटलेला एकच निवडावा. वरचे द्रावण दुसऱ्या बरणीत ओतून घ्यावे. ते आता खोलीच्या तापमानाला नेमके संपृक्त आहे, म्हणजे त्यात आणखी तुरटी विरघळणार नाही, त्यामुळे त्यात खडा विरघळणारही नाही आणि एकदम भराभर वाढणारही नाही.

खडा बांधायला सुती दोरा घेऊ नये. त्याच्या तंतूंवर भराभर कणी धरते आणि खड्याच्या वाट्याचे तीच खाऊन टाकते. मासेमारीचा बारीक नायलॉनचा दोरा चालतो. खडा तळापासून दोन बोटे वर, बरणीच्या मधोमध लोंबता ठेवावा. बरणीवर कागद हवा, घट्ट झाकण नको, कारण पाणी हळूहळू उडाले तरच खडा वाढणार. ऊन, पंखा आणि चुलीची जागा टाळावी. दुपारी खोली तीन-चार अंशांनी तापली तरी द्रावण असंपृक्त होते आणि खड्याच्या कडा गोल व्हायला लागतात. तळाशी नवी कणी दिसली तर खडा बाहेर काढून द्रावण गाळावे आणि पुन्हा लटकवावा. घाई असेल तर द्रावणात आणखी ४-५ ग्रॅम तुरटी गरम करून विरघळवता येते, पण ते पूर्ण निवल्याशिवाय खडा सोडू नये. कोमट द्रावणात तो बघता बघता नाहीसा होतो, आणि मूल दोरी बाहेर काढून ‘खडा पडला’ म्हणून तळाशी शोधत बसते.

काही संचांत तुरटीऐवजी मोनोअमोनियम फॉस्फेट असते. ते जास्त विरघळते आणि झटपट टोकदार स्फटिक देते. त्याला वरचे आकडे लावू नयेत. पुडीवरचे वजन आणि पाणी काटेकोर पाळावे. निळ्या स्फटिकांच्या संचात मोरचूद असेल तर तो लहान मुलांच्या हाती देण्याचा पदार्थ नाही. तो पोटात गेला तर अपाय करतो, डोळ्याला इजा करतो, आणि त्याचे पाणी तळ्यातल्या-ओढ्यातल्या जिवांना मारक असते.

आता खाण्याच्या प्रयोगांकडे. रसाचे ‘मोती’ करण्याचा संच सध्या फार दिसतो. सोडियम अल्जिनेट हे समुद्री शेवाळातून काढलेले द्रव्य कॅल्शियमला भेटले की त्याचे जेल, म्हणजे जेलीसारखे घट्ट द्रव्य होते, एवढेच त्यामागचे तत्त्व. प्रमाण पाहा: २०० मिलिलिटर द्रवाला १ ग्रॅम अल्जिनेट, आणि बुडवण्यासाठी ५०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट. काही संच कॅल्शियम क्लोराइड देतात. ते अडीच ते पाच ग्रॅम पुरते, पण चवीला खारट-कडू लागते. अल्जिनेट थेट पाण्यात टाकले की बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. आधी ते चमचाभर साखरेत कोरडेच मिसळावे, मग हँड ब्लेंडरने मिनिटभर फिरवावे. फिरवताना शिरलेली हवा निघून जायला मिश्रण निदान दोन तास, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. पत्रिकेत हा थांबा नसतोच, म्हणून घरोघरी मोती बुडण्याऐवजी तरंगतात.

याहून मोठे दोन घोळ आहेत. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर त्यातल्याच कॅल्शियममुळे अल्जिनेट भांड्यातच दाटते. तिथे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. दुधातही हेच होते. दुसरा घोळ आंबट रसाचा. लिंबाच्या रसाइतक्या आम्लात अल्जिनेट विरघळतच नाही, त्याचा चिकट लगदा होतो. म्हणून आधी निम्म्या साध्या पाण्यात ते पूर्ण विरघळवावे आणि मग फार आंबट नसलेला रस त्यात मिसळावा. थेंब ५ ते ८ सेंटिमीटरवरून सोडावेत. फार जवळून सोडले तर मोत्याला बेडूकमाशासारखी शेपटी येते, फार उंचावरून सोडले तर चपटे होतात. अर्ध्या ते एका मिनिटात झाऱ्याने काढून साध्या पाण्यात बुडवावेत आणि लगेच खावेत. आत शिरलेले कॅल्शियम आपले काम करत राहते, त्यामुळे काही वेळाने आतला रस घट्ट होऊन मोती म्हणजे नुसती गोळी उरते. मुलाला हा बिघाड वाटतो. मोती एकेक मिनिटाच्या अंतराने कापून दाखवला तर आत सरकत जाणारी जेलची कड चक्क दिसते, आणि आमच्या मते या संचातला खरा प्रयोग तोच आहे. शेवटी दोन्ही द्रावणे एकामागोमाग सिंकमध्ये ओतू नयेत. नळीतही त्यांचे जेलच होते.

आता १ ग्रॅम मोजायचे कसे? स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा इथे कुचकामी आहे. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा, नाहीतर १० ग्रॅम तोलून कागदावर सुरीने दहा सारखे वाटे पाडावेत. आणखी एक खोच: अनेक काटे शून्याजवळ चिमूट-चिमूट टाकलेले वजन मोजतच नाहीत, ते परत शून्यावर येतात. वाटी ठेवल्यावर काटा शून्य न करता वाटीसकट आकडा वाचला की ही अडचण बहुतेक वेळा सुटते. वजाबाकी मुलाने करावी.

स्लाइमबद्दल थोडक्यात. पांढरा डिंक पॉलिव्हिनिल या कृत्रिम जातीचा नसेल तर बोरॅक्सने (बोरॉनयुक्त क्षार, टाकणखार) ताणला जाणारा स्लाइम जमत नाही. स्टार्चच्या खळीचा स्लाइम होणार नाही. बोरॅक्स १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ४ ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि द्रावण डिंकात थेंबाथेंबाने घालावे. एकदम ओतले तर रबरी गोळा आणि भोवती पाणी, असे दोन भाग होतात. ‘बोरॅक्समुक्त’ असे लिहिलेल्या कित्येक पातळ द्रव्यांत बोरिक आम्ल असते, म्हणजे बोरॉन आहेच. वस्तू तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांना हा प्रयोग देऊ नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

यावरूनच संचांच्या रचनेवर आमचा मुख्य आक्षेप आहे. एकाच खोक्यात खायची जेली आणि न खायचा स्फटिक, सारख्याच पांढऱ्या पुड्यांत, आणि ढवळायला एकच चमचा! घरी खोके उघडताक्षणी मोठ्यांनी दोन डबे करावेत, पुड्यांवर मार्करने नाव, वजन आणि ‘खायचे नाही’ असे लिहावे. स्फटिक-स्लाइमची भांडी कायमची वेगळी ठेवावीत. ती घासून पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत. संचात दिवा किंवा मोटर असेल तर बटणाएवढ्या सेलची खाच स्क्रूने बंद होते का ते पाहावे. गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतो; तिथे वाट पाहत बसायचे नसते, थेट रुग्णालय गाठायचे. संचातला संरक्षक चष्मा चेहऱ्याला चिकटून बसत नसेल तर तो नुसता शोभेचा आहे.

१९५० साली अमेरिकेतल्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीने मुलांसाठी युरेनियमच्या खनिजाचे नमुने घातलेला संच विकायला काढला होता. त्या मानाने आजचे संच फारच मवाळ, आणि ते बरेच झाले. पण जोखीम काढता काढता कारणेही काढून टाकायची गरज नव्हती.

संच बनवणाऱ्यांवर आमचा जोर चालत नाही. आपल्या बालपुरवणीपुरती मात्र विनंती आहे. प्रत्येक प्रयोगासोबत वजन ग्रॅममध्ये, तापमान अंशांत, थांबण्याचा वेळ, आणि ‘फसले तर कसे दिसेल व का’ एवढे छापावे. चित्र थोडे लहान केले तर जागा निघते. नमुना म्हणून एक प्रयोग लिहून पाठवत आहोत:

‘अननस आणि जेली. जिलेटिन ५ ग्रॅम, ५० मिलिलिटर थंड पाण्यात १० मिनिटे भिजवा. त्यात २०० मिलिलिटर गरम पाणी (उकळते नको) घालून पूर्ण विरघळवा. कोमट झाल्यावर दोन वाट्यांत सारखे ओता. एकीत ताज्या अननसाच्या दोन फोडी, दुसरीत ५ मिनिटे उकळून निववलेल्या दोन फोडी. फ्रिजमध्ये ४ तास. पहिली वाटी पातळच राहील, कारण ताज्या अननसातले ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) जिलेटिनचे प्रथिन तोडते. उकळल्यावर ते निकामी होते. दोन्ही वाट्या पातळ राहिल्या तर जिलेटिन नीट विरघळले नव्हते किंवा फोडी आतपर्यंत उकळल्या नव्हत्या. दोन्ही घट्ट झाल्या तर अननस डबाबंद असणार. तो डब्यात भरतानाच तापवलेला असतो. जिलेटिनऐवजी अगर-अगर (चायना ग्रास) पाण्यात उकळून विरघळवून घेतले तरी दोन्ही घट्ट होतील, कारण अगर हे प्रथिन नाही.’

कळावे.

आपले,
मुलांसाठी प्रयोगवर्ग घेणारे दोन वाचक