चिप ट्यूनिंगचे ३० टक्के नेमके कुठून मोजले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत डिझेल गाड्यांच्या चिप ट्यूनिंगचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला हात लावून ताकद वाढवायच्या प्रकाराचं, जे कोष्टक छापलंय, आधी किती पीएस (ताकद) नंतर किती, आधी किती एनएम (टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ) नंतर किती आणि शेवटी ठळक अक्षरात टक्के, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मी स्वतः हे सगळं करून बसलोय. गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, तेच ते १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन जे तेव्हा अर्ध्या देशाच्या गाड्यांत होतं. कंपनीचा आकडा ७५ पीएस ४००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) आणि १९० एनएम २००० ला.

पुण्यात एका दुकानात रीमॅप करून घेतला, म्हणजे ईसीयूतली (इंजिनचा कॉम्प्युटर) फाईलच बदलून घेतली. बाहेरून जोडायची डबी नाही हं, डबीचा प्रकार वेगळा. ती डिझेलच्या रेलच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर सेन्सरचा सिग्नल मधल्यामधे बदलते, ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडतंय मग तो अजून वाढवतो, एवढंच, टर्बोचं (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) वगैरे तिला काही देणंघेणं नसतं. रीमॅपमध्ये डिझेल किती, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) किती, टॉर्कची लिमिट किती असे सगळे तक्तेच बदलतात. काम झाल्यावर हातात रंगीत कागद मिळाला, ७५ चे ९८ पीएस, १९० चे २४५ एनएम. म्हणजे ३० टक्क्यांच्या आसपास, तुमच्या कोष्टकासारखंच. मी खूश.

पण घरी येऊन तो कागद नीट बघितला तर "नंतर" चा ग्राफ होता आणि "आधी" चा नुसता आकडा, तोही कंपनीच्या ब्रोशरमधला! फोन केला, म्हटलं अहो काम सुरू करायच्या आधी तुम्ही गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरच्या मशीनवर) पळवली होती ना माझ्यासमोर, तो ग्राफ कुठाय. दोन दिवस टाळाटाळ केली मग व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात माझी गाडी काही न करताच ८१ पीएस आणि २०३ एनएम दाखवत होती. त्याचं कारण असं की डायनो मोजतो चाकावर, इंजिनचा आकडा मग हिशेबाने काढतात, गिअरबॉक्स-टायरमध्ये किती गेलं ते धरून आणि हवेच्या तापमानाचं करेक्शन लावून, त्यामुळे एकाच गाडीला दोन मशीन दोन आकडे देतात आणि त्यात नवल काही नाही. पण मग तुलना त्याच मशीनवरच्या त्याच दिवसाच्या दोन रनची करायला पाहिजे ना. तशी केली तर वाढ १७ पीएस आणि ४२ एनएम, म्हणजे २१ टक्के. वाईट नाहीच, पण ३० नाही.

आता खरी गंमत पीएसमध्ये नाहीचे. पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७०२४. माझा २४५ एनएम येत होता २२०० ला, करा हिशेब, ७६-७७ पीएस होतात. म्हणजे कंपनी जे ७५ पीएस ४००० ला देते तेवढे २२०० लाच हातात. (हो, इथे मीही ब्रोशर आणि मशीनचा आकडा मिसळला, किती सहज होतं बघा.) पुण्याहून येताना खंबाटकी घाटात जिथे तिसरा टाकायला लागायचा तिथे गाडी चौथ्यात चढायला लागली, एसी चालू, चार माणसं, मागे सामान. १७०० च्या खाली मात्र काहीच फरक नाही. तिथे टर्बोच जागा झालेला नसतो, फाईल कितीही बदला. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्यात उचलताना जो दम लागायचा तो तसाच राहिला. ही गोष्ट तुमच्या कोष्टकात कुठेच दिसत नाही कारण त्यात फक्त शेंड्याचा आकडा आहे, तो किती आरपीएमला आला याचा पत्ता नाही.

आणि जो टॉर्क मजा देतो तोच पार्ट खातो. सात महिन्यांनी त्याच घाटात चौथ्यात पाय दाबला तर काटा २२०० वरून एकदम २८०० ला आणि स्पीड तिथल्या तिथे, वर जळकट वास. आमचे सातारचे मिस्त्री एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "सर, इंजिन पळतंय, गाडी नाही. क्लच सोडतोय." क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन. दुकानवाला म्हणतो तुमची चालवायची पद्धत चुकीची. असेलही, पण आधीचे ८० हजार किलोमीटर तीच पद्धत होती.

हे कंपन्यांना कळत नाही असं थोडंच आहे. हीच मल्टिजेट सियाझमध्ये ९० पीएसला दिली, १५ पीएस वाढवले, पण टॉर्क फक्त १० ने, २००, आणि त्यासाठी टर्बोसुद्धा वेगळा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा. किंवा स्कॉर्पिओ एन घ्या, एकच २.२ लिटरचं इंजिन, खालच्या मॉडेलला १३२ पीएस ३०० एनएम, वरच्याला १७५ पीएस, आणि त्या १७५ मध्येही ऑटोमॅटिकला ४०० एनएम पण मॅन्युअलला ३७० च. पीएस तेवढेच ठेवून मॅन्युअलचा टॉर्क ३० ने खाली ठेवलाय. आमच्याकडे मात्र लॅपटॉप लावला, तासाभरात ४२ एनएम, क्लच तोच जुना.

धुराचं तर लिहितच नाही, पीयूसीवाल्याने पाईपकडे आणि मग माझ्याकडे बघितलं ते पुरेसं होतं. कायद्याबद्दलही पुरवणीत एक ओळ नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दलच आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं १८२अ मध्ये लिहिलंय. ईसीयूतली फाईल रस्त्यावर कोण बघतोय म्हणून सगळे निवांत असतात, मीही होतो.

आता ओरिजिनल फाईल परत टाकून घेतलीये, त्याचेही पैसे वेगळे लागले. खंबाटकी पुन्हा तिसऱ्यात.

दोन्ही रनचे ग्राफ सोबत जोडतोय, छापले नाहीत तरी चालेल. पण पुढच्या वेळी कोष्टक कराल तेव्हा "आधी" चा आकडा त्याच मशीनवरचा घ्या, आरपीएमचा एक कॉलम टाका आणि १५०० ला किती वाढ मिळाली तेही ट्यूनिंगवाल्याला विचारा, बघू काय सांगतो ते.

आपला,
एक स्विफ्टवाला वाचक, सातारा