मिस्त्रीकाका, होडी तरंगली

मिस्त्रीकाका,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम चारचौघांत. 'बाईंनी एकटीने होडी बांधली,' असं गावभर झालं आहे. ते खरं नाही, आणि ते माझ्या नावावर राहू देणं मला बरं वाटत नाही.

लेकीने 'तारिणी' या बोटीची बातमी पाहिली होती. नौदलातल्या दिलना आणि रूपा, दोघीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून शिडाच्या बोटीने निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यातच परतल्या. पोरीने विचारलं, "आपल्याकडे एवढी खाडी आहे, मग शीड का नाही?" शोधता शोधता मला ऑप्टिमिस्ट सापडली. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी लहान मुलांसाठी आखलेली, पुढून चपटी, जेमतेम पावणेआठ फुटांची होडी. आठ-बाय-चारच्या दोन प्लायमध्ये बसावी आणि घरच्या घरी बांधता यावी, अशा बेतानेच ती काढलेली. आजही जगभरची मुलं शीड हाकायला शिकतात ती याच होडीत, फक्त आता ती बहुतेक फायबरची असते. मी गणित शिकवते. आराखडा मिलिमीटरमध्ये होता. मला वाटलं, जमेल.

तुम्ही पडवीत पहिल्यांदा आलात तेव्हा आराखड्याकडे पाहिलंही नाहीत. उभ्या करून ठेवलेल्या प्लायवर बोटाच्या पेराने टकटक करत गेलात, जसं फणस पिकला का ते बघतात तसं. एका जागी थांबलात. "हयसर पोकळ आसा." दुकानदाराने मरीन म्हणून दिलेली प्लाय होती, पण तिच्यावर ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या आयएस मानकाचा, शिक्का नव्हता आणि तो बघायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही एक तुकडा कापून न्हाणीच्या चुलीवरच्या पाण्यात टाकायला लावलात. संध्याकाळी केळीच्या सोपटासारखे त्याचे थर सुटले. पैसे गेले, त्याची हळहळ अजून आहे. पण पोरीला त्या प्लायवर बसवून खाडीत सोडली असती, हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

मग ती पट्टी. बाजू आणि तळ जिथे मिळतात तिथे आतून बसते ती, सागाची. मी दोन पट्ट्या वाकवताना मोडल्या. तुम्ही मोडका तुकडा उचलून उजेडात धरलात आणि लाकडाच्या रेषांवरून नख फिरवून दाखवलंत: रेषा टोकापर्यंत न जाता मध्येच कडेला बाहेर पडत होत्या, आणि मोडली ती नेमकी तिथेच. तिसरी पट्टी तुम्ही स्वतः निवडलीत. गोणपाट गुंडाळून त्यावर कढत पाणी ओतायचं, शिकंजा थोडा आवळायचा, आणि घरी जायचं. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी मी एक आटा जास्त द्यायला गेले तर तुम्ही हात धरलात. "घाई तुका आसा गो, लाकडाक नाय."

एक प्रसंग मी वर्गात मुलांनाही सांगितला. बाजूची फळी बसवून झाली होती, मापं मी दोनदा तपासली होती. तुम्ही जमिनीवर आडवे झालात, एक डोळा मिटलात आणि कडेवरून बघत म्हणालात, "मधी उचललेली आसा." मी वाद घातला, मोजपट्टी दाखवली. तुम्ही काहीच बोलला नाहीत, सुताची दोरी ताणलीत आणि बिडी पेटवायला बाहेर गेलात. मी पहिल्यापासून मोजलं. खूण करतानाच माझी चार मिलिमीटरची चूक झाली होती आणि नंतर प्रत्येक वेळी मी त्याच चुकीच्या खुणेपासून मोजत होते. तुमच्या डोळ्याला ते दहा फुटांवरून दिसलं.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून सांधे चिकटवायचं रसायन, तुम्ही कधी वापरलं नव्हतं. सांधे बुजवायला तुमचा विश्वास कापूस, चंद्रूस (झाडाची राळ) आणि तेलावर. पण एप्रिलच्या उकाड्यात माझं डबाभर मिश्रण तापून धुरायला लागलं, तेव्हा वाट तुम्हीच दाखवलीत. "पेज ताटात वतली काय निवता ना? तसाच." त्यानंतर सगळं काम पहाटे, थोडं थोडं, पसरट ताटलीत.

आणि पाणी आत आलं तो दिवस. नारळ वाढवला, होडी सोडली आणि पाच मिनिटांत पोरीचे पाय भिजले. सगळे बघत होते. मला रडू आवरत नव्हतं. तुम्ही होडी पालथी घालून बाहेरून गळती शोधू दिली नाहीत. "भायर काय बघतंस? भुतूर पाणी भर." अंगणात दोन विटांवर ठेवून आत पाणी भरलं, आणि तळातून खाली उतरणारी मधली फळी जिच्यात सरकते, त्या पेटीच्या बुडाशी एक थेंब फुगला, लोंबला, पडला. मग दुसरा. तेवढीच जागा पटाशीने उकरून पुन्हा भरली. त्यानंतर थेंब नाही.

मजुरीचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, लाकूड तासायचा वाकस पुष्कळ दिवस खुंटीला होता, त्याला हवा लागली, पुरे. ते ऐकून मला आनंद झाला नाही, काका. बंदरात फायबरच्या होड्या आल्या, त्या मच्छीमारांना परवडतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण दहा फुटांवरून चार मिलिमीटर बघणारा डोळा आपल्या तालुक्यात रिकामा बसावा, हे मला सहन होत नाही. शाळेतल्या चार मुलांनी दुसऱ्या होडीसाठी नावं दिली आहेत. प्लाय मी आणते, या वेळी शिक्का बघून. तुम्ही फक्त येऊन टकटक करायची. आणि मजुरी या वेळी घ्यावीच लागेल.

पोर आता एकटी शीड हाकते. दुपारी खारा वारा सुटला की वल्ह्याला हात लावत नाही. वळताना शीड फडफडलं की किनाऱ्याकडे बघते, तुम्ही आलात का म्हणून. रविवारी भरती तीनच्या सुमारास आहे. याल ना?

आपली,
पडवीतली बाई