बसची तूट आणि पालिकेची जबाबदारी

महोदय,

मुंबईची बससेवा चालवणाऱ्या, पालिकेच्या ‘बेस्ट’ उपक्रमाच्या तुटीविषयीची बातमी कालच्या अंकात वाचली. तुटीचा आकडा ठळक होता; ती तूट कोणत्या निर्णयांमुळे वाढत गेली, याविषयी मात्र एक वाक्यही नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जून २०१९ मध्ये महापालिका, बेस्ट प्रशासन आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्या राखण्याचे मान्य झाले होते. पुढच्याच महिन्यात साध्या बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले आणि दुरावलेले प्रवासी परत येऊ लागले. भाडे कमी करायचे, तर उत्पन्नातली घट पालिकेने नियमितपणे भरून द्यायला हवी आणि वाढलेल्या प्रवाशांसाठी गाड्याही वाढवायला हव्यात, हे तेव्हाच उघड होते. प्रत्यक्षात आयुर्मान संपलेल्या गाड्या भंगारात जात राहिल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या गाड्या पुरेशा आल्या नाहीत, आणि प्रतिकिलोमीटर दराने चालणाऱ्या भाडेतत्त्वावरील गाड्यांवर सारी भिस्त ठेवण्यात आली. त्यांपैकी काही कंत्राटदार परवडत नसल्याचे सांगून मध्येच बाहेर पडले, तेव्हा पर्यायी गाड्या हाताशी नव्हत्या.

मग ९ मे २०२५ पासून पाच रुपयांचे तिकीट दहा रुपयांना झाले. आमच्या इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तीन ठिकाणची कामे करतात आणि त्यांचे सगळे प्रवास जवळच्या अंतराचे असतात. दिवसाला चार तिकिटे धरली, तर वीस रुपयांचा खर्च एका सकाळी चाळीस रुपये झाला. पगार काही त्या दिवशी दुप्पट झाला नाही. तेव्हापासून दुपारचा एक टप्पा त्या भर उन्हात चालत जातात. वातानुकूलित मोटारीतून फिरणाऱ्याला पाच रुपयांची वाढ क्षुल्लक वाटेल, पण बसचा खरा प्रवासी कोण आहे, याचा विचार करूनच भाडे ठरवायला हवे होते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यामुळे या वाढीला सभागृहात विरोध करणारा एकही लोकप्रतिनिधी तेव्हा नव्हता, याचा मला विशेष संताप येतो.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यात बेस्टसाठी एक हजार कोटी, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी तरतूद होती. बेस्टच्याच वीज विभागाच्या उत्पन्नातून वाहतुकीची तूट भागवण्याची जुनी सोय राहिली नाही, हे ठाऊक असूनही पालिका दरवर्षी मदतीचा हप्ता दिल्यासारखी रक्कम देते. सागरी किनारा रस्त्यावर हजारो कोटी खर्च करताना तो नफा किती मिळवून देईल, असे कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच होते. मग हा प्रश्न बसलाच का विचारला जातो?

आपल्या दैनिकाविषयीही एक तक्रार आहे. मेट्रोच्या प्रत्येक नव्या टप्प्याला पहिल्या पानावर छायाचित्रासह जागा मिळते, पण मेट्रो स्थानकातून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत नेणारी बस बंद झाल्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत आटोपते.

स्वमालकीच्या गाड्यांच्या खरेदीसाठी पालिकेने पुढील पाच वर्षांची तरतूद आताच जाहीर करावी आणि ती होईपर्यंत आगारांच्या जागांच्या पुनर्विकासाचा एकही प्रस्ताव मंजूर करू नये, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, परळ, मुंबई