घरी सोडताना पायांबद्दलही सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या यजमानांचा यकृताचा कर्करोग कळला तोच फार पुढे गेलेला. शेवटच्या महिन्यांत त्यांना दुखण्यापेक्षा पायांनी जास्त छळलं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा, तो लवकर भरून यायचा नाही. चपलेत पाऊल मावेना. नडगीवरची कातडी ताणून चकचकीत झाली आणि पुढे तिच्यातून पाणी पाझरू लागलं.

पाणी जास्त पोटात जातं म्हणून सूज येते, असं समजून मी त्यांचं पाणी तोडलं. घोटभर पाण्यासाठी ते माझ्याकडे बघायचे, ती नजर अजून विसरता येत नाही.

खरं कारण एका परिचारिकेनं सांगितलं. यकृत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तयार करतं आणि ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते घटलं की पाणी बाहेर झिरपून पायांत उतरतं. त्यात मूत्रपिंडं मीठ अडवून धरतात, आणि पोटात साठलेल्या पाण्याचा दाब पायांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. म्हणजे आवरायचं होतं ते मीठ! दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅम, जेमतेम एक छोटा चमचा. पाणी कमी करायचं ते रक्तातलं सोडियम फार उतरलं तरच, तेही डॉक्टर म्हणाले तर. अंगदुखीसाठी आम्ही परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्याही तिनं बंद करायला लावल्या. त्या गोळ्यांनी मीठ-पाणी आणखी साचतं आणि मूत्रपिंडांना धोका होतो.

मग एका रात्रीत डावी पोटरीच तेवढी फुगली, गरम आणि दुखरी. नणंद तेल चोळायला बसणार, तोच मी त्या परिचारिकेला फोन लावला. "चोळू नका, लगेच घेऊन या," ती म्हणाली. शिरेत रक्ताची गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर?

लघवीच्या गोळ्या, रोज सकाळी वजनाची नोंद, पायांखाली उशा, कातडीला बिनवासाचं मलम. सूज पूर्ण गेली नाही, पण ते बरेच दिवस न्हाणीघरापर्यंत स्वतः चालत गेले.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, रुग्णाला घरी सोडताना औषधांच्या यादीखाली पायांबद्दल चार ओळी लिहून द्या आणि एकच पाय अचानक सुजला तर कोणाला फोन करायचा, तो नंबरही.

– एक वाचक