प्रश्न एडिंबरात, बोट लंडनकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या राजकारणाविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुतेक वेळा लंडनच्या संसदेत सुरू होते आणि तिथेच संपते. बुधवारी दुपारची पंतप्रधानांची प्रश्नोत्तरे, त्यातली टोलेबाजी आणि बाकांवरचा गदारोळ आपल्या वाचकांना आता ओळखीचा झाला आहे. परंतु गेली बरीच वर्षे ग्लासगोत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाचा रोजचा संबंध ज्या गोष्टींशी येतो, म्हणजे रुग्णालय, शाळा, बस, पोलीस, घरपट्टी, त्यांचा जाब त्या सभागृहात विचारलाच जात नाही. तो एडिंबरामधील हॉलीरूड येथे भरणाऱ्या स्कॉटलंडच्या विधिमंडळात विचारला जातो. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतानंतर १९९८ चा कायदा झाला, १ जुलै १९९९ पासून हे विषय स्कॉटलंडकडे आले, आणि परराष्ट्र धोरण, संरक्षण, स्थलांतर अशी खाती लंडनने आपल्याकडे राखली. या विभागणीमुळे लोकप्रतिनिधींच्या प्रश्न विचारण्याचे काय होते, याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

या विधिमंडळात १२९ आमदार आहेत. दर गुरुवारी भर दुपारी बारा वाजता प्रथम मंत्री, म्हणजे तिथले मुख्यमंत्रीच म्हणा, उत्तरे द्यायला उभे राहतात. प्रथम विरोधी पक्षनेत्यांची पाळी असते आणि मग इतरांची. प्रेक्षक सज्जाचे तिकीट फुकट मिळते. तिथे बसून पाहिल्यास पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येते की मंत्र्यांच्या हातातील जाडजूड फायलीत विषयवार खुणेच्या पट्ट्या लावलेल्या आहेत आणि बहुतेक उत्तरे आधीच लिहून ठेवलेली आहेत. सत्ताधारी बाकांवरून येणारे काही प्रश्न तर मंत्र्यांना आपली कामगिरी सांगता यावी एवढ्याचसाठी आलेले असतात, हे कोणीही ओळखेल. या अर्ध्यापाऊण तासाला वृत्तवाहिन्या जितके महत्त्व देतात, तितके ते देण्याजोगे नाही असे माझे मत आहे. खरे काम लेखी प्रश्नांत चालते. अशा प्रश्नाला साधारणतः दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते, प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही कायमचे सार्वजनिक होतात. ‘शक्य तितक्या लवकर उत्तर देऊ’ असे तात्पुरते उत्तर देऊन वेळ काढण्याची सोयही मंत्र्यांनी शोधून ठेवलेली आहेच. पण तेही तारखेनिशी नोंदले जाते.

जबाबदारी कोणाची, याविषयी शंकेला जागाच नसली तर प्रश्न किती खोल जाऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे दोन बोटींचे प्रकरण. पश्चिम किनाऱ्यावरील बेटांना मुख्य भूमीशी जोडणारी बोटसेवा ही संपूर्णपणे स्कॉटलंड सरकारची जबाबदारी आहे. २०१५ साली पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन मरीन या गोदीला दोन मोठ्या बोटी बांधण्याचे ९.७ कोटी पौंडांचे कंत्राट देण्यात आले आणि त्या २०१८ मध्ये मिळाव्यात असे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तत्कालीन प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांच्या हस्ते ‘ग्लेन सॅनॉक्स’ या पहिल्या बोटीचे मोठ्या थाटात जलावतरण झाले, तेव्हा तिच्या खिडक्या अजून बसायच्याच होत्या. दुरून खिडक्या दिसाव्यात म्हणून तिथे रंगाने काळे चौकोन काढलेले होते. ती छायाचित्रे पुढे कित्येक वर्षे विरोधकांच्या कामी आली. २०१९ मध्ये गोदी बुडीत निघाली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. पहिली बोट प्रवाशांना घेऊन निघाली ती जानेवारी २०२५ मध्ये, आणि तोवर खर्चाचा आकडा मूळ कंत्राटाच्या तिपटीच्याही पुढे गेला होता. गंमत म्हणजे ही बोट ज्या ॲरन बेटासाठी बांधली, तिथे जाण्याचे नेहमीचे आर्ड्रोसन बंदर तिला पुरेसे नसल्याने ती ट्रून येथून सोडावी लागली.

या सगळ्या काळात गुरुवारी दुपारी बोटींवरून खडाजंगी होत राहिली, आणि खरे सांगायचे तर तिच्यातून फारसे काही हाती लागले नाही. वळण आले ते मार्च २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने. बोटी विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीनेच पुरेशी आर्थिक हमी नसल्याबद्दल चिंता व्यक्त केलेली असताना मंत्र्यांनी ती जोखीम का पत्करली, याचा पुरेसा कागदोपत्री पुरावा सापडत नाही, असे त्यात नमूद होते. त्यानंतर विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने साक्षीदार बोलावले, कागद मागवले, आणि ‘तो निर्णय कोणी, कोणत्या दिवशी, कशाच्या आधारावर घेतला’ हा एकच प्रश्न लावून धरला. काही आठवड्यांनी त्या निर्णयाविषयीचा त्या काळातील एक ईमेलही उजेडात आला. लंडनने पैसे कमी दिले, अधिकार आमच्याकडे नाही, असली कोणतीही सबब इथे चालण्यासारखी नव्हती, म्हणूनच चौकशी इतक्या बारकाव्यापर्यंत पोहोचू शकली. बोटी त्यामुळे लवकर तयार झाल्या असे कोणी म्हणणार नाही. पण दुकानातला माल आणि दवाखान्याची तारीख बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असलेल्या बेटावरच्या माणसाला निदान उत्तर कोणाकडे मागायचे, हे नेमके कळले.

याच्या अगदी उलट चित्र अमली पदार्थांच्या प्रश्नाचे आहे. स्कॉटलंडमध्ये २०२० या एका वर्षात अमली पदार्थांमुळे १,३३९ मृत्यू नोंदले गेले. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या देशाला हा आकडा शरम आणणारा होता. आरोग्य हा विषय एडिंबराचा, पण अमली पदार्थांविषयीचा १९७१ चा कायदा लंडनच्या हातात. व्यसनी लोकांना परिचारिकांच्या देखरेखीखाली, निदान जीव जाणार नाही अशा रीतीने अमली पदार्थ घेता यावेत यासाठी ग्लासगोत एक केंद्र काढण्याची कल्पना २०१६ पासून मांडली जात होती. एडिंबरात प्रश्न विचारला की उत्तर मिळे, लंडन कायदा बदलत नाही. लंडनच्या संसदेत विचारला की गृहखाते कायद्यावर बोट ठेवून नकार देई आणि उपचार हा स्कॉटलंडच्या अखत्यारीतील विषय असल्याची आठवण करून देई. चेंडू असा इकडून तिकडे वर्षानुवर्षे फिरत राहिला. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च सरकारी वकील, म्हणजे तिथल्या लॉर्ड ॲडव्होकेट यांनी, अशा केंद्रात पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल तिथल्या रुग्णांवर खटला भरणे सार्वजनिक हिताचे ठरणार नाही, अशी भूमिका घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते केंद्र सुरू झाले. म्हणजे जी बोट केवळ एडिंबराची होती आणि जे केंद्र दोन सरकारांच्या मधोमध अडकले होते, ती दोन्ही एकाच महिन्यात मार्गी लागली, हा योगायोग मात्र खरा.

या दुसऱ्या प्रकरणात मला विधिमंडळाचा दोष जास्त वाटतो. कायदा लंडनचा असला तरी उपचारांचा पैसा एडिंबराचा होता, आणि २०१६-१७ च्या अंदाजपत्रकात व्यसनमुक्ती सेवांच्या निधीला कात्री लावली ती स्कॉटलंडच्याच सरकारने. या बाबतीत आपले लक्ष ढळले होते, अशी कबुली स्टर्जन यांनी २०२१ मध्ये दिली, आणि त्याच वर्षी पाच वर्षांसाठी २५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर झाली; स्वतंत्र मंत्री तर डिसेंबर २०२० मध्येच नेमला गेला होता. लंडनमध्ये कायद्यातील एक अक्षरही न बदलता हे करता आले. मग ते आधी का केले नाही, हा प्रश्न कात्री लागली त्याच वर्षी निर्धाराने विचारला गेला असता तर सरकारला त्याचे उत्तर टाळता आले नसते. सत्ताधाऱ्यांना लंडनच्या विरोधात बोलणे सोयीचे होते आणि बऱ्याच विरोधकांना व्यसनी लोकांची बाजू घेणे गैरसोयीचे होते, असे मी समजतो.

‘पैसा लंडनहून येतो’ ही सबबही पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. मोठा हिस्सा अजूनही लंडनच्या अनुदानाचाच आहे, परंतु २०१७ पासून पगाराच्या उत्पन्नावरील प्राप्तिकराचे दर आणि टप्पे एडिंबरा ठरवते आणि २०२४ पासून इथे तब्बल सहा टप्पे आहेत. चांगले वेतन घेणारे माझे मराठी स्नेही याबद्दल कुरकुर करतात. मी करत नाही, कारण कर जो बसवतो त्याच्याकडे हिशेब मागण्याचा हक्क त्यामुळेच पक्का होतो. औषधे मोफत, विद्यापीठाचे शिक्षण स्थानिकांना मोफत, बावीस वर्षांखालील मुलांना बसप्रवास मोफत असे निर्णय आपले म्हणून मिरवायचे, आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रुग्णाला चार तासांत दाखल करण्याचे, दुसरीकडे हलवण्याचे किंवा घरी पाठवण्याचे उद्दिष्ट हुकले की दोष दुसऱ्याला द्यायचा, हे एकाच सरकारला शोभत नाही.

चांगले घडते तेव्हा ते सहसा गुरुवारच्या झोतात घडत नाही. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम जाळीमुळे असह्य वेदना भोगणाऱ्या महिलांनी २०१४ मध्ये विधिमंडळाकडे याचिका केली. इथे याचिकेला एक सही पुरते. मजूर पक्षाचे नील फिंडले, हुजूर पक्षाचे जॅक्सन कार्लॉ आणि सत्ताधारी पक्षाचेच माजी आरोग्यमंत्री ॲलेक्स नील अशा तीन वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांनी तो विषय वर्षानुवर्षे सोडला नाही. २०१८ मध्ये त्या जाळीचा वापर थांबवण्यात आला आणि २०२२ मध्ये, ती काढण्यासाठी स्वतःच्या खिशातून खर्च केलेल्या महिलांना भरपाई देण्याचा कायदा झाला.

प्रश्न विचारायला सभागृहच नसले तर काय होते, याचा अनुभव उत्तर आयर्लंड या प्रांताने घेतला. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात पक्षांच्या भांडणामुळे तिथले सरकार ठप्प होते; खाती सनदी अधिकारी चालवत होते आणि शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षायाद्या लांबत होत्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला, त्या काळातील नगरसेवकाविना असलेले प्रभाग ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सोपीव आणि राखीव खात्यांचा हा खेळ आपल्यालाही नवा नाही. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली तेव्हा शिक्षण व आरोग्य लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवले गेले आणि तिजोरीची किल्ली मात्र राखीव बाजूला राहिली. आजही नागपूर किंवा मुंबईच्या अधिवेशनात एखाद्या तारांकित प्रश्नाला किंवा लक्षवेधीला उत्तर देताना केंद्राकडे बोट दाखवले जाते, आणि दिल्लीत तोच विषय राज्यसूचीत असल्याचे सांगितले जाते. म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. अधिवेशनाच्या बातम्या देताना कोणी कोणाला काय टोला लगावला याला जेवढी जागा दिली जाते, त्यातली थोडी कमी करून, मंत्र्यांनी ‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर दिले असेल तिथे तो विषय खरोखर कोणाच्या अखत्यारीत आहे आणि निधी कोणत्या सरकारचा आहे, एवढ्या दोन ओळी आपल्या वार्ताहराने त्या बातमीखाली द्याव्यात. केंद्र व राज्यांत विषय वाटून देणारी राज्यघटनेची सातवी अनुसूची आणि अंदाजपत्रक दोन्ही उपलब्ध असल्याने हे काम अवघड नाही, आणि त्या दोन ओळी छापून आल्यावर पुढच्या आठवड्यात पूरक प्रश्न कोणता विचारायचा, हे आमदारांनाही सोपे जाईल.

आपला,
एक मराठी वाचक, ग्लासगो