हसू आणि काटा एकदमच

संपादक साहेब,

विनोदी भयकथांवरची वाचकांची पत्रं वाचली, बऱ्याच जणांचं म्हणणं की भुताच्या गोष्टीत जोक आला की भीतीची पार वाट लागते, मला नाही पटत. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स हा इंग्रज लेखक मुळात खलाशांच्या विनोदी गोष्टींसाठी फेमस आणि १९०२ मध्ये 'माकडाचा पंजा'वाली कथा आली तीही त्याचीच. मुलगाच थट्टेत सुचवतो म्हणून बाप इच्छा पुरवणाऱ्या त्या पंजाकडे २०० पाउंड मागतो, दुसऱ्या दिवशी पोरगा मशीनमध्ये सापडून मरतो आणि कंपनीचा माणूस घरी भरपाई घेऊन येतो, बरोब्बर २००! हसावं की रडावं? (पंजा आपल्याकडच्याच फकिराने मंतरलेला बरं का.) नुसतं रक्त आणि किंचाळ्या असल्या की मला तर झोप येते.

– एक वाचक, सातारा