भिंतीच्या मध्यापासून मोजलेली वळचण: छताच्या चुकीच्या मापांबाबत तक्रार

दिनांक: १४ जुलै

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
घरबांधणी आराखडा सॉफ्टवेअर विभाग

विषय: वळचणीचे (भिंतीपुढे आलेल्या छताच्या कडेचे) माप, फाट्यांची (छताच्या तिरप्या लाकडांची) लांबी आणि कवेलूंची (कौलांची) संख्या चुकीची आल्यामुळे झालेले नुकसान, तसेच घराच्या बाहेरील भागाच्या आराखड्यातील त्रुटी.

महोदय/महोदया,

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतो. आयटीआयमधून आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि गेली सोळा वर्षं आसपासच्या गावांतल्या घरांचे नकाशे काढतो. घरकुलं, जुन्या घराला मागून खोली वाढवणं, कवेलूचं छत उतरवून नवं चढवणं, असं माझं काम. दिवाळीनंतर मी आपल्या सॉफ्टवेअरचा वर्षभराचा परवाना १४,९९९ रुपयांना घेतला. भारतातलं कोणतंही घर यात काढता येतं आणि साहित्याची यादी आपोआप, बिनचूक मिळते, असं आपल्या जाहिरातीत होतं. त्यावर विश्वास ठेवून मी पैसे भरले.

घराच्या आतल्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. खोल्या, दारं, स्वयंपाकाचा ओटा, फरशी हे सगळं सोपं आणि चांगलं आहे. तक्रार आहे ती घराच्या बाहेरच्या भागाची. आमच्याकडे घर टिकतं की ढासळतं ते बाहेरच ठरतं, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

मे महिन्यात शेजारच्या गावातल्या एका काकाजींच्या घराचं काम माझ्याकडे आलं. मातीच्या भिंतींचं घर, भिंत दीड फूट जाड, बाहेरून बाहेर १८ फूट बाय २४ फूट. जुनं छत उतरवून दोन पाखी (दोन बाजूंना उतरणारं) इंग्रजी कवेलूचं छत करायचं होतं, उतार ३० अंश. काकाजींची एकच अट होती: वळचण चारही बाजूंनी पूर्ण तीन फूट पुढे आली पाहिजे. मातीच्या भिंतीला पावसाची झड लागली की ती खालून विरघळते. हे ना त्यांना मला सांगावं लागलं, ना मला त्यांना. आमच्या भागात हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये भिंतीची जाडी १८ इंच दिली, उतार दिला आणि वळचणीच्या रकान्यात तीन फूट लिहिलं. पडद्यावर तीन फूट दिसलं, छापील कागदावरही तीन फूटच आलं. सोबत फाट्यांच्या लांबीचा तक्ता मिळाला, त्यात १३ फूट. कवेलूंच्या यादीत ९३० नग. मी तो तक्ता वाढईच्या (सुताराच्या) हातात दिला, यादी दुकानात दिली.

फाटे कापून वर चढवल्यावर वाढईनं ओळंबा सोडला आणि मला खाली बोलावलं. भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून वळचण सव्वादोन फूटच येत होती. घरी येऊन रात्री मी पूर्ण हिशेब हातानं केला. आपलं सॉफ्टवेअर वळचण भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून मोजत नाही, भिंतीच्या मध्यरेषेपासून मोजतं. दीड फुटाच्या भिंतीत मध्यापासून बाहेरपर्यंत नऊ इंच जातात, ते नऊ इंच वळचणीतून वजा झाले. १८ फुटांच्या घराला दोन्हीकडे तीन-तीन फूट धरले की छताची रुंदी २४ फूट होते, एका पाख्याचं आडवं माप १२ फूट. तीस अंशाच्या उतारावर फाटा १३ फूट १० इंच लागतो. तक्त्यात १३ फूट होता. प्रत्येक फाटा दहा इंच कमी.

कवेलूंच्या यादीत तर दोन चुका एकावर एक बसल्या होत्या. एक ही वळचणीची, आणि दुसरी अशी की यादीत छताचं क्षेत्रफळ जमिनीवर सावली पडावी तसं सपाट धरलं आहे, उतारावरचं नाही. ३० अंशाच्या उतारावर सपाट १०० चौरस फुटांचं प्रत्यक्षात ११५ चौरस फूट होतं. हे शाळेच्या भूमितीतलं आहे. आमच्याकडे मिळणारं कवेलू १०० चौरस फुटांना सुमारे १४५ बसतं. २४ बाय ३० फुटांचं छत उतारावर ८३१ चौरस फूट भरतं, म्हणजे १,२०५ कवेलू. यादीत ९३०. दोनशे पंच्याहत्तर कवेलू कमी पडले, फुटतूट वेगळी.

तोवर मृग लागून आठ दिवस झाले होते. पुढची गाडी यायला पाच दिवस गेले. उघड्या राहिलेल्या पाख्यावर ताडपत्री बांधली, पण तिसऱ्या रात्री वारा आला आणि ती फाटली. पश्चिमेच्या कोपऱ्यात भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा भिजून सुटला. ती माती पुन्हा मळून, कुजवून, थर देऊन चढवावी लागली, आणि पावसाळ्यात मातीचं काम वाळत नाही. काकाजी मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. भिंतीकडे बघत फक्त एवढंच म्हणाले, "कागदात पानी कोणीकडं जाते ते दिसत नाही का भाऊ?" जास्तीचे कवेलू, त्यांची वाहतूक, फाट्यांना लावलेले जोड आणि भिंतीची मजुरी मिळून ११,६०० रुपये झाले. ते मी माझ्या खिशातून दिले, कारण कागद माझ्या सहीचा होता. तक्ता हातानं पडताळायला हवा होता, तो मी पडताळला नाही, ही माझी चूक मला मान्य आहे. पण बिनचूक यादी मिळेल, पडताळणीची गरज राहणार नाही, असं सांगून आपण हे सॉफ्टवेअर विकता.

ही चूक आजवर कुणाच्या लक्षात का आली नसावी, तेही मला कळलं. लाकडी चौकटीच्या साडेचार-पाच इंची पातळ भिंतीचं घर असेल तर मध्यरेषा आणि बाहेरचं अंग यांत दोन-अडीच इंचांचाच फरक पडतो. तेवढा फरक कुणी पाहत नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नवी भिंत काढली की आपोआप तसलीच भिंत येते, बाहेरून लाकडी फळ्या लावलेली. आमच्याकडे विटेची साधी भिंतसुद्धा नऊ इंच, गिलावा धरून दहा. मातीची तर फूट-दीड फूट. सॉफ्टवेअर पातळ भिंतीच्या मुलखासाठी तयार झालं याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तेच जसंच्या तसं भारतातल्या कोणत्याही घरासाठी म्हणून विकण्याला.

आता बाहेरच्या बाकी गोष्टी. जोतं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, घर थेट जमिनीवर बसतं. आमच्याकडे कन्हार (काळी चिकण) जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) घराला लागून असतात, तिथं पाणी महिनोन्महिने साचलेलं असतं. म्हणून जोतं दोन-अडीच फूट उचलतात. त्यापुढे सपरी (घरापुढची उघडी पडवी) घराच्या फरशीपेक्षा अर्धा फूट खाली, आणि सपरीच्या खाली ओटा. एका घराला बाहेरून तीन पातळ्या. मी मजल्याची उंची वाढवून जोतं दाखवायचा प्रयत्न केला, तर पायऱ्या जमिनीतच राहिल्या आणि सपरीचे खांब अधांतरी झाले. ते जुळवायला दोन दिवस गेले, आणि पुढच्या अपडेटनंतर खांब पुन्हा सरकले.

छज्ज्याचं तसंच. यादीतला छज्जा म्हणजे भिंतीला चिकटवलेली एक फळी. भिंतीशी तो एकजीव होत नाही, म्हणून घराचा छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारा नकाशा) काढला की छज्जा दिसतच नाही. मिस्त्रीला छेदातच बघायचं असतं की छज्जा किती जाड, त्याला बाहेरच्या बाजूला उतार किती, आणि खालच्या अंगाला कडेजवळ पाणी तोडायची खाच आहे की नाही. ती अर्ध्या इंचाची खाच नसली तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून मागं सरकतं आणि खिडकीच्या वरच्या भिंतीत मुरतं. दोन पावसाळ्यांत तिथं काळा डाग येतो. हे दाखवायला मला शेवटी छापील कागदावर पेन्सिलनं चित्र काढावं लागतं.

बाहेरच्या रंगाचंही सांगतो. आमच्याकडे जोत्यापासून वर दोन फूट गेरूचा किंवा गडद रंगाचा पट्टा असतो, कारण अंगणातला चिखल पावसाच्या थेंबांनी तेवढ्याच उंचीपर्यंत उडतो. आपल्याकडे भिंतीच्या एका अंगाला एकच रंग देता येतो. तो पट्टा दाखवायला भिंतीचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवावे लागतात, आणि मग यादीत भिंत दोनदा मोजली जाते. खिडकीबाहेरचं कूलरचं स्टँड, टाकीचा चौथरा, तुळशीवृंदावन हे वस्तूंच्या यादीत नाही. धुराडी आणि बागेतली लाकडी बाकं मात्र आहेत.

सावलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं चूक डोळ्यांना दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पश्चिमेचं ऊन हीच घराची खरी परीक्षा. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा पुरतो. संध्याकाळचं तिरपं ऊन सपरीतून आत येतं. म्हणून पश्चिमेची सपरी किती खोल ठेवायची हे सावली पाहून ठरवतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ठिकाणांच्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई आणि पुणे एवढीच आहेत, अक्षांश-रेखांश स्वतः टाकायची सोय नाही. मुंबई सुमारे ७३ अंश रेखांशावर, आमचा तालुका ८० वर. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतीकडे झुकतो. मे महिन्यात संध्याकाळी पाचला मुंबईच्या मानानं आमच्याकडे सूर्य पाच-सहा अंश खाली असतो. मुंबई निवडून काढलेल्या सावलीत खाटेपर्यंत ऊन येत नाही, आमच्या खऱ्या सपरीत ते येतं. ज्या घरात म्हातारी माणसं दुपार-संध्याकाळ सपरीतच काढतात, तिथं हा फरक लहान नाही.

नकाशावरच्या मराठी नावांचं एकदाच सांगतो: पडद्यावर "विहीर" बरोबर दिसते, छापल्यावर वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसते. "स्वयंपाकघर" तुटतं. ग्रामपंचायतीत असा कागद देताना मला लाज वाटते.

मी जूनमध्ये तीन वेळा आपल्या मदत केंद्राला लिहिलं. पहिल्या वेळी छत कसं काढावं याचा व्हिडिओ आला. दुसऱ्या वेळी भिंतीची जाडी कमी करून पाहा असं उत्तर आलं. दीड फुटाची भिंत कागदावर पाच इंचांची करायची, म्हणजे मग खोल्यांची आतली मापं खोटी, पायव्याची खोटी. तिसऱ्या वेळी वरच्या किमतीचा परवाना घेण्याचा सल्ला मिळाला, आणि मी व्यवसायासाठी वापर करतो म्हणून ग्राहक या व्याख्येत बसत नाही, असं लिहून तक्रार बंद करण्यात आली.

या शेवटच्या मुद्द्यावर माझं म्हणणं स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. माझ्याकडे नोकर नाहीत, कार्यालय नाही. घरातल्या एका टेबलावर मी एकटा हे काम करतो आणि त्यावर घर चालतं. याच कायद्यानं मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मला तक्रार करता येते. ती वेळ येऊ नये म्हणून आधी हे पत्र.

वळचण भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून मोजण्याची सोय करावी आणि कवेलूंचं क्षेत्रफळ उतारावर धरावं, ही माझी पहिली आणि सगळ्यात तातडीची मागणी. यासाठी पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहू नये, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत फाट्यांच्या तक्त्यावर ठळक इशारा छापावा. माझ्यासारखे किती जण आज या तक्त्यावरून लाकूड कापत असतील याची मला काळजी वाटते. अक्षांश-रेखांश टाकायची सोय आणि जोतं याबद्दल कधीपर्यंत काय होईल ते लेखी कळवावं. परवान्याचे १४,९९९ रुपये आणि झालेल्या नुकसानीचे ११,६०० रुपये, एकूण २६,५९९ रुपये ३० दिवसांत परत मिळावेत. कुणी आमच्याकडे येऊन एक जुनं घर आणि एक नवं घर मोजणार असेल, तर मी स्वतः टेप धरून सोबत फिरेन. त्याचे पैसे मला नकोत.

सोबत मूळ फाईल, छापील तक्ता, कवेलूंची दोन्ही बिलं, ओळंबा सोडून काढलेले चार फोटो आणि माझा हातानं केलेला हिशेब जोडला आहे. हिशेबाच्या कागदावर भिंतीच्या मध्याची रेषा लाल शाईनं दाखवली आहे, आधी तीच बघावी.

फोन करायचा असल्यास सकाळी ११ च्या आत करावा. त्यानंतर मी रोवणीला (धानाच्या लावणीला) बांधीत असतो आणि तिथं नेटवर्क मिळत नाही.

आपला ग्राहक,
आरेखक (स्थापत्य),
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया